सहापर्यंत मोजायचा दिवा

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्याला खोटं बोलावं लागत नाही, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. तार तुटलेली असते किंवा नसते. बल्ब पेटतो किंवा पेटत नाही. वकिलाला आणि लग्नं जुळवणाऱ्याला जे करावं लागतं ते आपल्याला करावं लागत नाही, अशा गुर्मीत मी मालवणात, बाजारापासून थोडं वर, दुकान चालवलं. स्वभाव तापट. गिऱ्हाईक "जरा बघा, काहीतरी छोटंसंच असेल" म्हणालं की माझं डोकं फिरायचं. छोटं आहे हे तुला ठाऊक आहे, तर घरीच कर ना बाबा! तरीही लोक यायचे, कारण हात बरा होता आणि दुसरा माणूस गाठायचा तर थेट कट्टा गावापर्यंत जावं लागायचं.

तोपर्यंत माझं जग म्हणजे रिक्षांचे हॉर्न, ट्रॉलरच्या बॅटऱ्या आणि जीपचे सेल्फ-स्टार्टर. मग दोन हजार सात-आठच्या सुमारास पर्यटक वाढले, त्यांच्यामागून भाड्याने फिरवायला मुंबईच्या सेकंडहँड गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांतून पिवळ्या तारा आल्या. पिवळी तार म्हणजे एअरबॅगची. तिच्या टोकाला घडी घातलेली पिशवी असते आणि पिशवीच्या मागे तिला फुगवणारा फटाक्यासारखा बार. नको तिथे मीटर लावलात तर ती पिशवी तुमच्या थोबाडावर फुटते. मी कोल्हापुरात दोन दिवस शिकून एक झेरॉक्स पुस्तक घेऊन आलो होतो. त्याचं पहिलं पान मला आरतीसारखं पाठ होतं: बॅटरीची वायर काढा, थांबा, मगच हात लावा. बाकीची पानं मी फारशी उलटली नव्हती. तशी गाडीच दारात येईना.

आली ती काकीच्या मुलाची.

काकी म्हणजे माझी नात्यातली कुणी नव्हे. मासळी बाजारात बसायची, मी तिच्याकडून बांगडे घ्यायचो, एवढंच नातं. तिचा नवरा कुडाळच्या वाटेवर अपघातात गेला होता. मासळीचा टेम्पो घेऊन चालला होता, पाट्या काकीच्याच होत्या, आणि उतारावर टेम्पो झाडावर जाऊन बसला. ब्रेक फेल, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून काकीने मुलाला गाडीच्या चाकाला हात लावू दिला नव्हता. आणि त्या मुलाला जगात गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही करायचं नव्हतं. लायसन त्याने चोरून काढलं होतं. तिशी उलटेपर्यंत तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत राहिला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिला. माझ्या दुकानासमोर उभा राहून तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, ह्याचा अल्टरनेटर जाणार. बहुतेक वेळा बरोबर असायचं. असा माणूस बर्फात वाया जातो हे बघून मला वाईट वाटायचं.

एक दिवस तो काकीलाच दुकानात घेऊन आला. मुंबईच्या कुणा साहेबाची वापरलेली पांढरी गाडी त्याने हेरली होती. एअरबॅगा चार: दोन पुढे, दोन पुढच्या सीटांच्या कुशीत. "दादा, तुम्ही सांगा तिका," तो म्हणाला. "माझा ती आयकना नाय."

मी सांगितलं. गाडी आपटली की पिशवी फुगते आणि माणूस लोखंडावर आपटायच्या आधी पिशवीवर आपटतो. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि ती पिशवीच बिघाडली तर? बघतलो कोण?"

त्यावर मी तिला दिव्याचं सांगितलं. चावी फिरवली की समोर एक लाल दिवा पेटतो, त्यात एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्यापुढे गोळा. तेवढ्यात गाडी आपल्या सगळ्या पिवळ्या तारा तपासते. सहा मोजेपर्यंत दिवा विझला तर पिशव्या जाग्या आहेत. विझला नाही तर गाडी हलवायची नाही.

"पोटार कलिंगड घेतलेलो माणूस," काकी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तू सांगतंस म्हणान घेऊक देतंय हां."

गाडी आली. आणि काकीने स्वतःचा एक नेम सुरू केला. सकाळी बाजाराला जायच्या आधी ती गाडीच्या उघड्या दाराशी उभी राहायची. मुलगा चावी फिरवायचा. ती बांगडे मोजते त्याच लयीत सहापर्यंत मोजायची. दिवा विझला की म्हणायची, "जा." त्या आधी त्याने गिअर टाकायचा नाही. आळीतली माणसं हसायची. मीही हसलो होतो. पण मुलगा रोज निमूट बसायचा.

वर्षभर बरं चाललं. मग दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर मुलगा धापा टाकत आला. दिवा विझत नव्हता.

"आवस गाडी भायर काढूक देना नाय," तो म्हणाला. "उद्यापासून पाहुणे आसत, आठ दिवस. दादा, कायव करा, पण तो दिवो विझवा."

दुकानात तेव्हा तीन जीप उघड्या पडल्या होत्या, ट्रॉलरवाला बॅटरीसाठी डोक्यावर बसला होता, आणि पिवळ्या तारेची मला मनातून भीती होती. हे सगळं आज सांगतोय. तेव्हा मी फक्त घाई आहे असं म्हणालो. मीटरबोर्ड काढला, एअरबॅगच्या दिव्याची तार मूळ जागेवरून सोडवली आणि ऑइलच्या दिव्याला जोडून दिली. आता चावी फिरवली की दोन्ही दिवे पेटणार, आणि इंजिन सुरू झालं की दोन्ही विझणार. बघणाऱ्याला सगळं ठीक. असलं काम करणाऱ्या लोकांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. सुट्टी संपली की नीट बघू, असं आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं. खरं सांगायचं तर ती युक्ती जमल्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

पाचव्या दिवशी दुपारी काकी दुकानाशी आली. डोक्यावर रिकामी पाटी. चोराच्या मनात चांदणं. मी उगाच पाना शोधायला लागलो.

"काय रे," ती म्हणाली, "त्या दिव्याक काय केलंस?"

"काय केलंय? पेटता आणि विझता मां?"

"पेटता. पण आधी तो आपणच विझायचो. मी सहा मोजी, तो विझे, मगे झिल इंजिन सुरू करी. आता मी दहा मोजलंय तरी विझना नाय. इंजिन घुरघुरला की विझता." तिने पाटी खाली ठेवली. "माका वाचूक येना नाय. मोजूक येता."

कोल्हापूरला शिकून आलेल्या माणसाची हुशारी एका बाईने दाराशी उभं राहून, सहा आकड्यांत पकडली होती.

"तू सांगलंस म्हणान घेऊक दिलंय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. पाटी उचलून ती गेली. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

संध्याकाळी मुलाला निरोप धाडला: पाहुणे दुसऱ्याच्या गाडीत घाल, तुझी गाडी घेऊन ये. तो कुरकुरला. मी त्याच्यावर खेकसलो, आणि खेकसताना मला ठाऊक होतं की मी कुणावर खेकसतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. आधी माझीच करणी उलटवली. दिव्याची तार होती तिथे परत नेली. कारण पुस्तकात लिहिलं होतं, आणि ते वाचून मी कपाळावर हात मारला, की ह्या गाडीत बिघाड कुठे आहे ते तो दिवाच सांगतो. डॅशबोर्डखालच्या चाचणीच्या सॉकेटमधल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि चावी फिरवायची. मग दिवा उघडझाप करतो. किती वेळा, ते मोजायचं आणि पुस्तकात बघायचं. म्हणजे जो बोलणार होता, त्याचंच तोंड मी बांधून ठेवलं होतं.

मोजलं. पाच, थांबला, तीन. पुन्हा पाच, थांबला, तीन. पुस्तक म्हणालं: डावी पुढची सीट, कुशीतली पिशवी, तारेतून वीज नीट जात नाही.

माझा विश्वास बसेना. मी ऐकलं होतं की अशा गाड्यांत स्टिअरिंगखालची गुंडाळलेली पट्टी तुटते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी असते ती. मग मी शहाणपणा करून, बॅटरीची वायर काढून, अर्धा दिवस स्टिअरिंगच उघडून बसलो. पट्टी ठणठणीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुन्हा एकदा मी दिव्याचं ऐकलं नव्हतं.

मग मुकाट्याने बॅटरीची वायर पुन्हा काढली, चहा पिऊन आलो, आणि डाव्या सीटखाली डोकं घातलं. पिवळा कनेक्टर कार्पेटला टेकून पडला होता. सोडवायला गेलो तर सुटेना. सुटला तेव्हा आतल्या पिनांवर हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज. पिशवीच्या बाजूला मीटर लावायचा नसतो. तिथे पिशवीच्या जागी तिचं सोंग घेणारा, तिच्याइतक्याच ओहमचा रेझिस्टर लावला, बॅटरी जोडली, चावी फिरवली. दिवा पेटला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. विझला. म्हणजे मेंदू, पिशव्यांवर नजर ठेवणारा गाडीतला कॉम्प्युटर, चांगला; मधली एवढीशी जोडणी कुजलेली.

पण कुजली कशाने? पावसाचं पाणी आत येण्यासारखं काही नव्हतं, दारं-काचा घट्ट होत्या. मी कार्पेट उचललं. खालचं फोम ओलं होतं, आणि पत्र्यावर मिठाची पांढरी रेघ उठली होती. नाक खाली नेलं. आमच्याकडे जन्मलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगावं लागत नाही.

मुलाला विचारलं. तो खजील झाला. त्याची बहीण पिंगुळीला दिली होती. कुडाळ स्टेशनवर पाहुणे आणायला जायचं असलं की काकी बहिणीसाठी मासे द्यायची: बर्फ, मीठ, वर केळीचं पान, वर प्लास्टिकची पिशवी. डिकीत पाहुण्यांच्या बॅगा असतात, त्यांना वास लागेल. पाहुण्यांच्या पायाशी ठेवलं तर ते नाक मुरडतात. म्हणून काकी स्वतः मागच्या दारातून वाकून ते पुडकं डाव्या सीटखाली सरकवायची. थंड जागा, कुणाला दिसतही नाही. आठवड्यातून दोनदा. मुलगा वासाला अत्तराची बाटली लावून मोकळा.

म्हणजे ज्या दिव्यासाठी काकी रोज दाराशी उभी राहत होती, तो काकीच्याच बांगड्यांनी पेटवला होता.

आणि मला टेम्पो आठवला. तिच्या नवऱ्याचा टेम्पो भंगारात जायच्या आधी त्याची बॅटरी आणि वायरिंग काढायला मीच गेलो होतो. सवयीने ब्रेकवर पाय दाबून बघितला. ब्रेक शाबूत होता. पण केबिनमध्येही पाट्या रचलेल्या असणार, कारण खाली सगळी माशाच्या पाण्याची बुळबुळ होती, पेडलवरसुद्धा. माझाच पाय एकदा घसरला. त्याचा कसा घसरला असेल ते मला तिथेच कळलं होतं. सगळे ब्रेक फेल म्हणत होते, मीही म्हणालो. सांगून माणूस परत येणार होता का? पाट्या तिच्या होत्या. विधवा झालेल्या बाईला हे कोण सांगणार?

आता पुन्हा तेच पाणी. मी मुलाला म्हटलं, "आवशीक उंदीर सांगूया. उंदरान तार खाल्ल्यान." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मान डोलावली.

कनेक्टर कोल्हापूरच्या जुन्या मालाच्या बाजारातून एसटीने मागवला. तो येईपर्यंत सीट काढून उन्हात टाकली, कार्पेट तीनदा धुतलं, पत्रा घासला. कनेक्टर आला तेव्हा तो जमिनीवर न ठेवता सीटच्या सांगाड्याला वर बांधला. बाहेरच्या तारा तपासल्या, मेंदूतली बिघाडाची जुनी नोंद पुसली. शेवटी चावी फिरवली, मोजलं, आणि बोलवायला पाठवलं.

काकी बाजार आटपून आली. मी प्रसन्न चेहरा करून म्हटलं, "झाला काकी. उंदीर होतो. उंदरान तार खाल्ल्यान."

"खंय ती तार?"

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. जुना कनेक्टर बाकावर पडला होता. तिने तो उचलला, उजेडात धरला, आणि मग नाकाशी नेला. पस्तीस वर्षं मासे विकलेलं नाक ते. मी मुलाकडे बघितलं, मुलगा जमिनीकडे बघत होता.

"उंदीर नाय," ती म्हणाली. "बांगडो."

तिने कनेक्टर परत बाकावर ठेवला, हळूच, कुणाच्या हातात अंडं द्यावं तसा.

"तेचो टेम्पो उघडूक तूच गेल्लंस मां?" तिने विचारलं. "ब्रेक होतो?"

मला उंदीर सुचला होता, ब्रेक सुचला होता, ऑइलचा दिवा सुचला होता. ह्या वेळी काही सुचलं नाही. "होतो," मी म्हणालो. "ब्रेक बरो होतो, काकी. पेडलार पाणी होता. माशाचा."

मुलाने झटकन तिचा हात धरला. ती रडेल, कोसळेल, मला शिव्या देईल, ह्यातलं काहीही मी सोसलं असतं. ती बाकावर बसली. पदराने तोंड पुसलं.

"माका वाटलाच होता," ती म्हणाली. "पण सगळे ब्रेक, ब्रेक म्हणाले. देवळात म्हणाले, बाजारात म्हणाले, तू म्हणालंस. ब्रेक आपसून जाता, तर मी काय करतलंय? कधी जायत, कोणाचो जायत. म्हणान हेका इतकी वर्षा गाडयेक हात लावूक दिलंय नाय. बर्फात घातलंय झिलाक." तिने मुलाकडे बघितलं नाही. "पाण्याचा सांगला असतास तर मी पाटयेखाली पत्रो घातला असता. फडको दिला असता पुसूक."

मी तिची क्षमा मागितली. नीट, हात जोडून. आयुष्यात गिऱ्हाईकाची मागितलेली बहुधा तेवढी एकच.

"गप रे मेल्या," ती म्हणाली. "तू वायट मनान केलंस नाय. पण ह्या लक्षात ठेव. माझा चुकला तर माका सुधारूक येता. उंदराचा मी काय करतलंय?"

मग ती उठली आणि कामाला लागली. रंगाचा डबा आडवा कापून मला एक खोल ट्रे करायला लावला, कडा मुडपून, झाकणासकट. पुडकं त्यात राहणार आणि ट्रे डिकीत, पाहुण्यांच्या बॅगांच्या बाजूला. वास आला तर पाहुण्यांनी सोसावा, मालवणाक इले कित्याक, असं म्हणाली. मी पत्रा ठोकत होतो तोवर ती मुलाला पुढची सीट नीट बसलीय का ते हलवून बघायला सांगत होती.

ट्रे झाल्यावर ती पहिल्यांदाच पुढच्या डाव्या सीटवर बसली. एरवी ती मागे बसायची, तीही सणावाराला. तिने पट्टा मागितला. मुलाने लावून दिला.

"खंय चललंस?" मी विचारलं.

"पिंगुळेक. माझ्या चेडवाक सांगूक होया मां, मासे आता डिकीतून येतले म्हणान."

मुलाने चावी फिरवली. कलिंगड घेतलेला माणूस लाल पेटला. मुलाच्या बापाचा पाय जिथे घसरला त्या उतारावरूनच त्यांना जायचं होतं, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. काकी मोठ्याने मोजायला लागली. मीही मनात मोजत होतो. सहाला दिवा विझला.

"जा," ती म्हणाली.